खरा रुपया, खोटा आकडा

चिखला म्हटलं की आमच्या ऑफिसात कुणालाच काही आठवत नाही. भंडारा जिल्हा, तुमसर तालुका, मँगनीजची खाण, एवढं सांगितलं की लोक ‘ओह, नाइस’ म्हणतात आणि पिझ्झा मागवतात.

माझे काकाजी याच खाणीतून रिटायर झाले. मँगनीजचा दगड हातात आला की माल चांगला की नुसती माती, हे ते न बघता सांगतात. जड तो चांगला, सरळ हिशेब. रिटायरमेंटनंतर हातात स्मार्टफोन आला आणि काकाजी ऑनलाइन लिलावात जुनी नाणी शोधायला लागले. घोळ इथंच आहे राव. स्क्रीनवर हाताला वजन लागत नाही!

त्यांची पहिली खरेदी म्हणजे रामदरबाराचं तांब्याचं नाणं. एका बाजूला राम-सीता, दुसरीकडे ईस्ट इंडिया कंपनी, ‘वन आना’ आणि साल 1818. असली हजारो ‘दुर्मीळ’ नाणी बाजारात फिरतायत. कंपनीनं रामदरबाराचं चलनी नाणं कधी काढलंच नाही. हे नाणं कशाची नक्कल नाही, कारण असलच अस्तित्वात नाही. देवघरात ठेवायला छान आहे, काकूंनी तिथंच ठेवलंय.

दुसरा आला व्हिक्टोरिया राणीचा 1862 चा रुपया. मी पुण्याहून जाताना सोनाराकडे असतो तसला छोटा डिजिटल काटा नेला होता. रुपया ठेवला, आकडा आला 9.2 ग्रॅम. खरा रुपया 11.66 ग्रॅमचा, म्हणजे बरोब्बर एक तोळा. झीज धरली तरी थोडा फरक पडेल, अडीच ग्रॅम कसा पडेल? भिंगातून पाहिलं तर राणीच्या गालावर बारीक बारीक खड्डे आणि कडेला फिरलेली एक रेघ. ठसा मारलेलं नाणं असं दिसत नाही, साच्यात ओतलेलं दिसतं. गंमत म्हणजे 1862 हे साल घालून रुपये पुढं 1874 पर्यंत पाडले जात होते. खरा रुपया काही फार दुर्मीळ नाही. नकली करणाऱ्याला दुर्मीळ माल लागतच नाही, न ओळखणारं गिऱ्हाईक लागतं.

पण त्या दिवाळीत विषय गंभीर झाला. काकाजींना सहाव्या जॉर्जचा 1939 चा रुपया दिसला होता. हा मात्र खरोखर दुर्मीळ. 1940 पासून रुपयातली चांदी जवळजवळ 92 टक्क्यांवरून 50 वर आली, त्याच्या आधीचा हा शेवटचा. बोली वाढत चालली होती आणि काकाजींनी पैशाची सोयही ठरवली होती. आजीची रुपयांची माळ मोडायची.

आमच्याकडच्या जुन्या बायका चांदीच्या रुपयांना कडी लावून माळ करून घालायच्या. आजीच्या माळेतल्या रुपयांना कड्यांचे झाळ आहेत, म्हणून नाणेसंग्राहक त्यांना फारसे विचारणार नाहीत. पण ते खरे आहेत. एका लग्नापासून दुसऱ्या लग्नापर्यंत घातलेले.

काकाजी म्हणाले, “या बारीला वजन विचारलं ना मी. 11.6 आलं. चांदीबी खरी आहे.”

यार, या केसमध्ये काटा कामाचाच नाही. 1938 चा खरा रुपया घ्यायचा, 8 चा 9 करायचा. वजन खरं, चांदी खरी, आवाज खरा, खोटा फक्त एक आकडा. तो पकडायचा तर त्या एका आकड्याचा मोठा, तिरक्या उजेडातला फोटो हवा. कोरलेल्या आकड्याभोवतीची जागा किंचित खोल किंवा घासलेली दिसते, आणि खात्रीच्या खऱ्या 9 शी त्याचं वळण जुळत नाही.

काकू चकल्या तळताना एवढंच बोलल्या, “तो नव्वा खरा हाये का, ते आधी पहा. तोवर माह्या सासूची माळ पेटीतून निघाची नाही.”

आम्ही विक्रेत्याला फोटो मागितला. उत्तर आलं, ‘घ्यायचं तर घ्या, मागणी खूप आहे.’ रात्री बोली संपली, कुणीतरी घेतला. चार दिवसांनी तोच रुपया दुसऱ्या नावानं पुन्हा लिलावात! राजाच्या कानाशी तोच ओरखडा, किनारीवर त्याच जागी तोच ठोका. दोन वेगवेगळ्या नाण्यांना असा सारखा मार बसत नाही. एक तर ती एकाच साच्यातली भावंडं, नाहीतर एकच फोटो दोनदा विकायला काढलेला.

काकाजींनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ पाहिले. मग काटा काढला, माळ मागून घेतली आणि एकेक रुपया ओंजळीत तोलायला बसले. हाताला एक तोळा किती लागतो ते शिकायचं होतं त्यांना. काकू पेटीची किल्ली मुठीत धरून शेजारीच बसल्या होत्या.