आईची साक्ष

२ एप्रिल २०२२, शनिवार. कोरोनाची दोन वर्षे गेल्यावर भीमजयंती पुन्हा थाटात व्हायची होती. औरंगाबादच्या आमच्या वस्तीत विहारासमोर वर्गणीची बैठक बसली होती. आम्ही बी.कॉम., म्हणून पावतीपुस्तके दरवर्षी आमच्याच गळ्यात! पावणेआठच्या सुमारास पोरे ओरडली. सगळ्यांच्या माना वर गेल्या. आमची बेरीज अर्धवट होती, ती संपवून वर पाहिले तर आभाळ रिकामे.

वस्तीत एकच गलका. कोणी म्हणे विमान पेटले, कोणी म्हणे बॉम्ब. शेजारच्या काकूंनी तर गरोदर सुनेला घरात ओढून कडी लावली. झाले, आमच्यातला कार्यकर्ता जागा झाला. ही उल्का आहे, अंधश्रद्धा सोडा, लोणारचे सरोवर अशाच आघाताने झाले आहे, असे भाषणच आम्ही ठोकले.

आई ओट्यावरून म्हणाली, "आरं, उल्का नव्हं ती. रानात राखणीला असताना तारे तुटताना लई पाह्यलेत. डोळ्याची पापणी लवस्तोवर इझतात. हे तर रेल्वेच्या डब्यावाणी एकामागं एक, सावकाश चाललं व्हतं."

"आई, तुला त्यातलं काय कळतं?"

लोक हसले. आई उठून आत गेली.

पुढे दोन-तीन दिवसांत वर्तमानपत्रांतून उलगडा झाला. चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडले होते. आसपास धातूचे गोळेही सापडले. चीनने फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चांग झेंग ३बी रॉकेटचा हा तिसरा टप्पा असावा, असे अमेरिकेतील खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी सांगितले. उल्का सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने येते आणि बहुधा क्षणात विझते. पृथ्वीभोवती फिरणारा रॉकेटचा सांगाडा सात-आठ किलोमीटरच्या वेगाने, जवळजवळ आडवा वातावरणात शिरतो, फुटतो आणि तुकड्यांची रांग दूरवर जळत जाते. म्हणजे आईने सांगितले तसेच! न पाहता भाषण करणारे आम्ही.

संध्याकाळी आईला बातमी वाचून दाखवली. "चुकलं आमचं," म्हणालो.

"त्या गावात कुणाला लागलं का?"

"नाही."

"आन् त्या पोरीची कडी?"

आम्ही गप्प. भाषण झाल्यावर त्या सुनेची चौकशी आम्ही केलीच नव्हती. काकू अजून तिला दिवेलागणीनंतर अंगणात येऊ देत नव्हत्या. आम्ही पेपर उचलला. आईने चपला घातल्या.

"तू कशाला येतेस?"

"पाह्यलं कोणी, तू का मी?"