गॅलरीतले शकरखोरे

मराठीत ज्याला शिंजीर म्हणतात, त्यालाच उर्दूत शकरखोरा म्हणतात. मी शाळेत दोन्ही भाषा शिकवते. पण हे दोन्ही शब्द एकाच पाखराचे, हे मला कळले ते आमच्या वर्तकनगरच्या घरातल्या गॅलरीत.

गेल्या वर्षी जूनमध्ये सासऱ्यांचा इंतिकाल झाला आणि सासूबाई, म्हणजे आमच्या अम्मी, इद्दतीत बसल्या. चार महिने दहा दिवस. ताजियतला येणारे पंधरवड्यात आटोपले. अम्मी तसबीह घेऊन गॅलरीच्या दाराशी बसायच्या. कधीकधी दिवसभर एक शब्द नाही.

ऑगस्टमध्ये कपड्यांच्या तारेवर कचऱ्यासारखे काहीतरी लोंबू लागले. मुलगा ते काढायला गेला, तर अम्मी म्हणाल्या, “रहने दे बेटा, किसी का घर है.” पंधरा दिवसांतले त्यांचे ते सर्वांत लांब वाक्य असावे!

खरेच घर होते. कोळ्याच्या जाळ्यांनी चिकटवलेल्या सालीच्या कपच्यांची लांबट पिशवी, बाजूला दार, वर इवलेसे छप्पर. बांधणारी एकटी मादी. जांभळ्या गळ्याचा, पिवळ्या पोटाचा नर तेवढ्यात जास्वंदीच्या फुलाला देठाजवळ भोक पाडून मध पीत असे. पिल्लांना भरवायला मात्र दोघेही आले.

मी मोबाइलवर फोटो काढू लागले. खोलीतला दिवा बंद, फ्लॅश बंद, स्वतः जाळीच्या आड. घरट्याच्या तोंडाशी मोबाइल नेऊन अंड्यांचे फोटो काढणारे लोक मला आवडत नाहीत. घाबरलेली आई परत येईलच असे नाही. फोटो फुलावरचा काढावा. तो क्षणभरही ठरत नाही, त्यात पावसाळी उजेड. तीस-चाळीस फोटोंत एखादा डोळा स्पष्ट येतो. मगरिबनंतर अम्मी चश्मा लावून ते तपासायच्या. “इसमें चोंच कट गयी. ये रख.”

एकदा मी त्यांना सलीम अलींची गोष्ट सांगितली. मुंबईत खेतवाडीला मामांकडे वाढलेला अनाथ मुलगा. त्याने छऱ्याच्या बंदुकीने चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग. मामांनी चिठ्ठी देऊन त्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठवले. तोच पुढे मोठा पक्षितज्ज्ञ झाला. १९४१ साली भारतीय पक्ष्यांवर त्याचे पुस्तक आले. अम्मींना पुस्तकापेक्षा मामा आवडले. “बच्चे को डाँटा नहीं,” म्हणाल्या. मग त्यांनीच मुलांना छोट्या अबू उमैरची हदीस ऐकवली. त्याचे पाखरू मेले, तेव्हा खुद्द रसूलुल्लाह (स.) यांनी त्याच्याशी त्या पाखराबद्दल गोष्टी केल्या होत्या. सांगताना अम्मी रडल्या. सासरे गेल्यानंतर त्या आमच्यासमोर पहिल्यांदाच रडल्या.

पिल्ले सप्टेंबरात उडाली. रिकामे घरटे अम्मी काढू देत नाहीत, त्यामुळे कपडे अजून अर्ध्याच तारेवर वाळतात. इद्दत पुरी झाल्यावर आम्ही त्यांना उपवन तलावावर नेले. मागे येऊरचा डोंगर, काठाला मोठी झाडे. रिक्षातून उतरल्याबरोबर त्यांनी नातवाला विचारले, “मोबाइल लाया ना?”