बर्डीचा गोळा

सीताबर्डी, नागपूर

चि. सुमेध यास,


सोमवारपर्यंत गोळ्याला हात लावणार नाही असं तू सकाळी कबूल केलंस, म्हणूनच हे सविस्तर लिहायला बसलो. बर्डीवर डिटेक्टर वाजला, उकरलं, गोळा निघाला, नळाखाली धुतला, तारेच्या ब्रशने घासला आणि मग मला विचारतोस, ‘मामा, हा 1817 च्या लढाईतलाच ना?’ उत्तर आधी ठरवायचं आणि प्रश्न मागून विचारायचा!  आता निदान मी काय म्हणतो ते नीट वाच.

तुझा अंदाज खुळा नाही. 26 आणि 27 नोव्हेंबर 1817 ला आप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि इंग्रज रेसिडेंट जेंकिन्सच्या बाजूने लढणारी कर्नल स्कॉटची पलटण बर्डीच्या याच दोन टेकड्यांवर भिडल्या. सत्तावीस तारखेच्या सकाळी आप्पासाहेबांच्या फौजेतल्या अरबांनी लहान टेकडी घेतली आणि थोड्याच वेळात ती त्यांच्या हातून गेली. स्कॉटकडे सहा पौंडी तोफा होत्या. नऊ सेंटिमीटर व्यासाचा भरीव ओतीव लोखंडाचा गोळा साधारण पावणेतीन किलो भरतो, म्हणजे जवळपास सहा पौंड. तुझ्या गोळ्याचा घेर अठ्ठावीस सेंटिमीटरच्या थोडा वर आहे, म्हणजे व्यास तोच. पण सिमेंटच्या कारखान्यात क्लिंकर दळायला जे गोळे वापरतात, तेही याच मापाचे असतात, आणि इकडे चंद्रपुराकडे सिमेंटचे कारखाने थोडे नाहीत. गंजले की दोन्ही सारखेच दिसतात. साच्याची शिवण किंवा ओतकामाची खूण दिसली असती तर काही बोलता आलं असतं, पण ती गंजाच्या पापुद्र्यांबरोबर तुझ्या ब्रशने गेली की आधीपासूनच नव्हती, हे तू पाठवलेल्या फोटोंवरून कसं सांगू?

म्हणून माझं म्हणणं एकच: जुन्या वस्तूची ओळख निम्म्याहून अधिक ती जिथे पडली होती तिथल्या मातीत असते. तो गोळा अस्सल मुरुमात रुतला होता, की विटांचे तुकडे, प्लास्टिक, काँक्रीट अशा भरावात? बर्डीची माती एका जागी राहिलेलीच नाही. लढाईनंतर इंग्रजांनी टेकडीवर किल्ला बांधला, 1867 मध्ये रेल्वे आली, आणि परवापरवा मेट्रोच्या खांबांसाठी खोल खोदकाम झालं. इथली माती तिथे आणि तिथली इथे पडली. दायमाबादचं उदाहरण घे. 1974 मध्ये एका शेतकऱ्याला झाडाची मुळं खणताना काशाचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले, सगळे मिळून 60 किलोंहून अधिक वजनाचे. एवढ्या देखण्या वस्तू, पण शास्त्रशुद्ध उत्खननात थर पाहून काढलेल्या नव्हत्या. म्हणून त्या उत्तर हडप्पाकालीन की पुष्कळ नंतरच्या, यावर पंडितांनी वाद घातला, अगदी धातूतल्या आर्सेनिकचं प्रमाण काढून. बालाघाटजवळच्या गुंगेरियालाही 1870 मध्ये तांब्याची 424 हत्यारं आणि चांदीचे 102 पत्रे निघाले. त्यातले काही आपल्या अजब बंगल्यात, म्हणजे नागपूरच्या संग्रहालयात आले. ते चांदीचे पत्रे कशासाठी होते, हे अजून नक्की सांगता येत नाही. असा ऐवज गप्प बसतो, तर तुझा एकटा गोळा काय बोलणार?

तू म्हणशील, मी उचलला नसता तर पुढच्या महिन्यात तिथल्या खोदकामात पोकलेनने तो भंगारात नेला असता. खरं आहे. हे मी मान्य करतो, आणि यंत्राला शिव्याही देत नाही. पण वाचवणं आणि उपटून आणणं यांत फरक आहे. खड्ड्याचा एक फोटो, शेजारी फूटपट्टी, जमिनीपासूनची खोली, भोवतीच्या मातीची मूठभर पुडी, एवढं केलं असतंस तरी माझी तक्रार नव्हती. शिवाय 1878 चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची चीज सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. तू अजून कळवलेलं नाहीस.

हे सारं एक वेळ राहू दे. खरी काळजी वेगळीच आहे. तिसऱ्या फोटोत गोळ्याला बोटभर रुंदीचं भोक दिसतंय, आत मातीसारखं काही घट्ट बसलंय, आणि ते ‘ड्रिलने मोकळं करतो’ असं तू लिहितोस! अरे, भोक असलेला गोळा म्हणजे बहुधा बत्तीचा गोळा, आत दारू भरलेला. वजनाला भरला म्हणून भरीव समजू नकोस. त्या काळी दारूबरोबर शिशाच्या गोळ्याही भरत, आणि शिसं लोखंडापेक्षा जड. दोनशे वर्षांत दारू मेली असेल, हेही मनातून काढून टाक. दारू ओली झाली तरी वाळल्यावर पुन्हा पेटू शकते, आणि भोक गंजून बंद झालं असेल तर आत ओल पोचलीच नसेल. 2008 मध्ये अमेरिकेत व्हर्जिनियात 1861 ते 1865 च्या यादवी युद्धातला एक गोळा साफ करताना स्फोट होऊन अनुभवी संग्राहक गेला. तुझ्या हाताशी तर तेवढा अनुभवही नाही.

तेव्हा सोमवारची वाट पाहू नकोस. गोळा आहे तिथेच राहू दे, हलवू नकोस, ऊन लागत असेल तरी नाही. खोली बंद कर, घरातल्या सगळ्यांना पुढच्या घरात ने, आणि 112 ला फोन करून बॉम्बशोधक पथक बोलाव. ‘मामा उगाच घाबरवतात’ म्हणायचं तर म्हण, पण आधी फोन लाव आणि मग मला कळव.

तुझा,
मामा