मधली चित्रे

दिवाळीला गावी जाताना काय काय न्यायचे याची यादी आमच्या घरी नवरात्रातच सुरू होते. यंदा त्या यादीत एक नवीनच वस्तू शिरली. शेलूबाजारहून पुतणीचा निरोप आला, "काका, येताना माझ्यासाठी चित्र काढायची पाटी आणा. दगडी नव्हे हं, कॉम्प्युटरची!"

आमच्या लहानपणी पाटीला एक पेन्सिल आणि थोडी थुंकी एवढ्यावर भागत असे. डोंबिवलीच्या दुकानात चौकशी केली तेव्हा कळले, की ही पाटी लॅपटॉपला जोडतात आणि तिच्यावर खास लेखणीने रेघ ओढली की ती पडद्यावर उमटते. किंमत ऐकून मी दोनदा चष्मा पुसला. पण पुतणी एकुलती एक! पाटी घेतली.

पूर्वी गावी जायचे म्हणजे रात्रभर रेल्वे, पहाटे अकोला आणि तिथून एस.टी.चे धक्के. २०२५ च्या जूनमध्ये समृद्धी महामार्गाचा शेवटचा तुकडा खुला झाला, तेव्हापासून भिवंडीजवळच्या आमणेला त्या रस्त्याला लागायचे ते थेट शेलूबाजारलाच उतरायचे. मंगरूळपीर तालुक्यातले आमचे हे गाव. नावातच बाजार, आणि आमच्या घरचे पोटही बाजारावरच चाललेले. माझे वडील कापड विकत. दुकान नव्हते. कापडाचा गठ्ठा घेऊन आज मंगरूळपीर, उद्या कारंजा, परवा मालेगाव असे आठवडी बाजार करीत. दुकान नंतर धाकट्या भावाने काढले. वडिलांना जाऊनही आता बरीच वर्षे झाली.

पोचल्या दिवशी पुतणीने मला चहासुद्धा नीट पिऊ दिला नाही. ती अमरावतीला ॲनिमेशन शिकते. म्हणाली, "काका, मी आजोबांवर एक मिनिटाची फिल्म करतेय. बाजार करून संध्याकाळी घरी येणारे आजोबा. बस, एवढंच."

आधी तिने गोष्टीचा आराखडा दाखवला. एस.टी.तून उतरणारे आजोबा, गल्लीचे तोंड, दारातला दिवा, अशा चौकटी ओळीने मांडलेल्या आणि प्रत्येकीखाली ती किती सेकंद दिसणार ते लिहिलेले. याला स्टोरीबोर्ड म्हणतात. १९३० नंतरच्या दशकात डिस्नेच्या स्टुडिओत अशी चित्रे फळ्यावर टाचण्यांनी टोचून ठेवीत. गोष्ट जमत नसेल तर टाचणी काढायची, चित्र पुढेमागे करायचे. आता टाचण्या गेल्या. पोरगी बोटाने चौकट सरकवते, प्रत्येक चौकटीचा वेळ ठरवते, आवाज जोडते आणि फिल्म होण्याआधीच तिचा कच्चा खर्डा पाहून घेते.

"या सॉफ्टवेअरला किती मोजले?" मी बापाच्या वंशाला शोभेल असा प्रश्न विचारला.

"काही नाही. फुकट आहे."

फुकट म्हटल्यावर मला संशय आला. पण गोष्ट खरी निघाली. जपानच्या घिबली स्टुडिओने ज्या इटालियन सॉफ्टवेअरवर आपले चित्रपट केले, ते २०१६ पासून 'ओपनटून्झ' नावाने सर्वांना मोकळे आहे. 'ब्लेंडर' हे असेच दुसरे. लॅटव्हियातल्या एका तरुण दिग्दर्शकाने त्यावर केलेल्या 'फ्लो' या मांजराच्या चित्रपटाला २०२५ मध्ये ऑस्कर मिळाले. म्हणजे ऑस्करवाल्याचे हत्यार आणि शेलूबाजारच्या पोरीचे हत्यार एकच. याची मला, खरे सांगतो, फार मौज वाटली.

या विद्येत आपण मराठी माणसे काही अगदीच नवखी नाही. 'राजा हरिश्चंद्र' काढण्याआधी दादासाहेब फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा समोर ठेवून त्याच्या वाढीची एकेक चौकट टिपली. कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर क्षणात झाली. पुढे १९१५ च्या सुमारास आगपेटीतल्या काड्या एकेक चौकटीगणिक हलवून त्यांनी 'आगकाड्यांची मौज' केली. १९३४ साली प्रभातने 'जंबूकाका' हा व्यंगचित्रपट काढला. १९५६ मध्ये मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टून विभाग निघाला आणि डिस्नेकडचे क्लेअर वीक्स तिथल्या मंडळींना शिकवायला आले. राम मोहन तिथेच तयार झाले. पण या सगळ्यांना चित्र हाताने काढावे लागे, नाहीतर वस्तू हाताने हलवावी लागे. पडद्यावर सेकंदाला चोवीस चौकटी जातात. एक चित्र दोन चौकटी धरले तरी सेकंदाला बारा आणि मिनिटाला सातशेवीस चित्रे झाली!

"मग तूही सातशेवीस काढणार?"

"मुख्य तेवढी मी काढते. पाय टेकलेला, मग त्याच्यावर भार आलेला, मग दुसरा पाय पुढे जाणारा. मधली चित्रे सॉफ्टवेअर भरतं. आधीचं चित्र खाली फिकट दिसत राहतं, त्याला ओनियन स्किन म्हणतात. कांद्याची साल."

आई कोपऱ्यात करंज्या भरीत होती. तिने मान वर केली. "कांदे सोलते का वं पोरी, हे मशीन?"

आम्ही हसलो. मग पुतणीने कळ दाबली आणि पडद्यावर एक धोतरवाला म्हातारा चालू लागला. रेघ चांगली होती, टोपी चांगली होती. पण चाल पाहिली तर कवायतीतला शिपाई! एकसारखे पाय, एकसारखा वेळ.

"हे बाबा नव्हेत," मी म्हणालो. "बाबा जरा झुकून चालत."

"तेच विचारायचं होतं. कोणत्या बाजूला?"

"डावीकडे," मी म्हणालो.

"उजवीकडे," भाऊ म्हणाला.

झाले! दोघेही साठीच्या आसपासचे. पण भर दिवाळीत आमची अशी जुंपली, की शेजारी डोकावून गेले. घरात वडिलांचा फोटो एकच, तोही खुर्चीवर बसलेला. चालणाऱ्या वडिलांचा पुरावा दोघांपाशीही नाही. भांडता भांडता मला आतून खट्टू वाटू लागले. ज्या माणसाच्या चालण्यावर मी शिकलो, नोकरीला लागलो, त्याची चाल मला छातीठोकपणे सांगता येऊ नये?

आई करंजी मुरडता मुरडता म्हणाली, "काहून भांडता? उजव्या खांद्यावर गठ्ठा असे त्याईच्या. तीस वर्स वाह्यला. मंग गठ्ठा नसला तरी अंग डावीकडंच झुके."

मी विजयाने भावाकडे पाहिले. पण पुतणी काही हसली नाही. तिने विचारले, "काका, तुम्हाला आठवतात ते आजोबा चालताना कुठून दिसतात?"

मी डोळे मिटले. पहाट. मी दारात उभा. वडील बाजाराला निघालेले, त्यांची पाठ दूर दूर जाते आहे.

"आणि बाबा, तुम्हाला?"

भाऊ म्हणाला, "मी पारावर बसलो असायचो. संध्याकाळी. ते समोरून यायचे."

पाठमोरा माणूस त्याच्या डावीकडे झुकला तर आपल्यालाही डावीकडेच दिसतो. तोच समोरून आला तर आपल्या उजवीकडे दिसतो. दोघांनीही जे पाहिले तेच सांगितले होते. सोळाव्या वर्षी मी शिकायला अकोल्याला गेलो तो परत राहायला आलोच नाही. माझ्याजवळ जाणारे वडील आहेत. येणारे वडील भावाजवळ राहिले.

पोरगी मात्र कामाला लागली होती. खांदा उचलला, कंबर झुकवली. मग आईला म्हणाली, "आजी, पावलं भरभर की हळू? मधे चित्रं जास्त घातली की चाल हळू होते, कमी घातली की भरभर. किती घालायची ते मशीन सांगत नाही. ते आपणच सांगायचं."

आईचा हात थांबला. "ज्या दिशी माल खपे, त्या दिशी भराभर. नाही खपला, का गल्लीच्या तोंडापासून पाऊल जड. मले चुलीपाशी बसल्याबसल्या समजे. अशा दिशी मी काही मांगत नसो."

घरात वडिलांच्या कमाईचा हिशेब कधी मोठ्याने झाला नाही, हे मला ठाऊक होते. तो आईपर्यंत कसा पोचत असे, हे त्या दिवशी कळले.

पाडव्याच्या रात्री जेवणे आटोपल्यावर पुतणीने लॅपटॉप देवळीत ठेवला. फिल्म पुरी व्हायला अजून महिने आहेत. तयार होते ते नऊ सेकंदांचे चालणे. गल्लीच्या तोंडाशी वडील दिसले. उजवा खांदा वर, अंग डावीकडे, गठ्ठ्याच्या भाराने प्रत्येक पाऊल टेकताना किंचित थांबणारे. भाऊ खुर्चीवरून उठून उभा राहिला. मी पहिल्यांदाच त्यांना समोरून येताना इतका वेळ पाहत होतो.

आईने पदराने चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिले.

"आज माल खपला नाही वाटते त्याईचा," ती म्हणाली.

कोणी काही बोलले नाही. पुतणीने लॅपटॉप मांडीवर ओढला, पाटी जोडली आणि मान खाली घालून बसली. गठ्ठा तिने लहान केला, खांदा थोडा खाली आणला आणि प्रत्येक पावलामधली दोन दोन चित्रे काढून टाकली. अर्ध्या तासाने तिने पुन्हा कळ दाबली.

त्या रात्री वडील भरभर चालत घरी आले.