दुपारचा सामना

घरातील ज्येष्ठांना ‘बाहेर का पडत नाही?’ असे विचारण्यापूर्वी त्यांना जाण्यासारखी जागा उरली आहे का, हे तुम्ही पाहावे. माझे एक रुग्ण, वय ७८, साळगावकर संघाचे निस्सीम चाहते. दुपारचा चहा घेऊन मित्रांसह ते फातोर्ड्याच्या स्टेडियमवर जात, दिवेलागणीला परतत. पायऱ्यांची चढउतार, मनसोक्त आरडाओरड, वाटेत भजी (त्यावरून मी रागावत असे).

२०१४ साली इंडियन सुपर लीग आली. २०१६ मध्ये साळगावकर व धेंपो या संघांनी राष्ट्रीय लीगमधून माघार घेतली. नव्या लीगचे सामने दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांसाठी बहुधा रात्री, तिकीटही मोबाईलवर. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना दिव्यांचा झगझगाट सोसत नाही, परतीचा रस्ता नीट दिसत नाही. ‘घरबसल्या दिसतो की!’ मुलगा म्हणतो. दिसतो, स्टेडियमपेक्षा स्पष्ट दिसतो. पण शेजारी कोणी नसते. हळूहळू त्यांचे गुडघे आखडले, बोलणे आटले.

गेल्या महिन्यात मी औषध वाढवले नाही. गावच्या मैदानावरील दुपारचे सामने शोधण्यास नातवाला सांगितले. परवा ते घसा बसल्याची तक्रार घेऊन आले.