सुकलेली हाडे आणि सात मुले

जूनमध्ये पाचवीच्या उर्दू वर्गाच्या पटावर सातच नावे लागली. गेल्या वर्षी सतरा होती. पालक तोंडावर सांगतात, "सर, उर्दूत आता काय ठेवलंय?" मी हजेरीपट स्टाफरूमच्या टेबलावर टाकला आणि म्हणालो, "झालं, आता नुसता सांगाडा उरला." शेजारी वह्या तपासत बसलेल्या आमच्या ख्रिस्ती सहकारी बाई मान वर न करताच म्हणाल्या, "सर, यहेज्केलचा सदतिसावा अध्याय वाचा एकदा." दुसऱ्या दिवशी त्यांनी मराठी बायबल आणून दिले.

यहेज्केल म्हणजे आपल्या तफसीरकारांचे हजरत हिज़कील (अ.). या दृष्टान्तात ते एका खोऱ्यात उभे आहेत. खोरे हाडांनी भरलेले, हाडे पार सुकलेली. अल्लाह विचारतो, ही जिवंत होतील का? ते हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत. तूच जाणतोस, एवढेच म्हणतात. आपल्याकडचे 'अल्लाहु आलम' मला तिथे ऐकू आले.

वाचताना मला वाटले, हे कयामतीचे चित्र आहे. सूरह यासीनमध्ये कुजलेल्या हाडांना कोण जिवंत करील असे विचारणारा माणूस येतो. अब्बांच्या उशाशी बसून मी ती सूरह कितीदा वाचली आहे. पण पुढे अध्याय स्वतःच अर्थ सांगतो. ही हाडे म्हणजे 'आमचे संपले, आमची आशा गेली' असे म्हणणारे बनी इस्राईल. इ. स. पू. ५९७ मध्ये यरुशलेमहून बाबेलला नेलेल्या कैद्यांत हिज़कील होते, आणि पुढे दहा-अकरा वर्षांनी हैकलही उद्ध्वस्त झाले. म्हणजे ते खोरे कब्रस्तान नव्हते. जिवंत माणसांच्या मनाची ती अवस्था होती.

हे खरोखर घडले की ही मिसाल आहे, यावर तालमूदमध्ये यहुदी विद्वानांचाही वाद आहे. मिसालीला त्यांचा शब्द 'माशाल', आपल्या 'मसल'चा सख्खा भाऊ.

सूरह बकरहच्या २४३व्या आयतीत मरणाच्या भीतीने घरे सोडून पळालेल्या हजारो लोकांचा उल्लेख आहे. अल्लाहने त्यांना मृत्यू दिला आणि पुन्हा जिवंत केले. इब्न कसीर या आयतीखाली हिज़कील आणि हाडांना हाक मारण्याची हकिकत देतात. चित्र जवळजवळ तेच, धडा मात्र वेगळा. तिथे मरणापासून पळून सुटका नाही हे शिकायचे. इथे निराश माणसांना उभे करायचे. प्रतीक ऐकताना ते कोणाला सांगितले जात आहे, हे आधी पाहावे लागते.

मला सर्वांत जास्त थांबवले ते मधल्या टप्प्याने. हाडे खडखडत जुळतात. शिरा येतात, मांस चढते, कातडी येते. सगळे पूर्ण होते, पण श्वास नसतो. मग चारी दिशांकडून वारा बोलवावा लागतो. हिब्रूत 'रूआख' हा एकच शब्द वारा, श्वास आणि आत्मा या तिन्हींसाठी येतो. अरबीतही रूह आणि रीह एकाच धातूचे.

वाचून झाल्यावर मला माझीच लाज वाटली. वेळापत्रक, हजेरी, टाचणवही, निकालपत्रक, सगळे माझ्याकडे जागच्या जागी होते. सांगाडा, मांस, कातडी. मुले येत नाहीत म्हणून मी पालकांना बोल लावत होतो, आणि आलेल्या मुलांसमोर मी स्वतः 'आमचे संपले' म्हणत उभा होतो.

आता शनिवारी शाळा सुटल्यावर तासभर थांबतो. मुलांना उर्दू आणि मराठी दोन्हीतल्या गोष्टी मोठ्याने वाचून दाखवतो. परवा एकाने धाकट्या बहिणीला बरोबर आणले. पटावर अजून सातच नावे आहेत. पुढच्या जूनमध्ये किती असतील, असे बाईंनी विचारले. म्हटले, "तोच जाणे." बाई हसल्या आणि पुन्हा वह्या तपासू लागल्या.