अर्ध्याचं पूर्ण

ब्रह्मदेव कामाला अंमळ आळशी असावा, असा माझा जुना संशय आहे. माणसाचं अर्धंच चित्र काढायचं, मध्ये आरसा धरायचा आणि उरलेलं अर्धं फुकटात उरकायचं! दोन डोळे, दोन कान, दोन हात. हृदयाच्या वेळी तेवढा आरसा धरायचा राहिला, म्हणून ते डावीकडे कललं. आणि तेव्हापासून माणसाच्या हिशोबात पडलेला फरक अजून निघालेला नाही.

आम्ही बी. कॉम. माणसं. दोन बाजू जुळणं म्हटलं की आम्हाला ताळेबंदच दिसतो. पण पुण्याची नोकरी सोडून गोंदियाला परतलेला माझा भाचा कॉम्प्युटरवर यंत्रांचे भाग काढतो. गोंदियात राइस मिलींना तोटा नाही. त्याला पहिलं काम मिळालं ते हॉपरचं. हॉपर म्हणजे धान ओतायचं चौकोनी नरसाळं. "पुणं सोडून नरसाळी काढतो" म्हणायला नातेवाईक टपलेलेच होते. ताईचा जीव टांगणीला.

एका संध्याकाळी मी त्याच्या पडद्यात डोकावलो. फायलींची नावं अशी : हॉपर फायनल, हॉपर फायनल २, हॉपर खरंच फायनल, हॉपर आईशप्पथ फायनल.

"यातली शेवटची कोणती रे?"

"सगळ्याच जी, मामाजी!"

मालकानं तोंड दोन इंच रुंद करायला सांगितलं होतं. पठ्ठ्यानं डावी बाजू इंचभर वाढवली. उजवी दुसऱ्या फायलीत जुन्याच मापानं झोपलेली. सकाळी पत्रा कापायला जायचा होता, आणि खरिपाचं धान कुणाच्या हॉपरसाठी थांबत नाही.

मग मी बँकेतली अक्कल काढली. म्हटलं, "खातेदाराच्या सहीचा नमुना एकच असतो. प्रत्येक काउंटरवाला आपापली सही काढून ठेवायला लागला तर पोलीस येतील! मूळ अर्धं एकाच फायलीत ठेव. मापं एका जागी लिही. दुसरं अर्धं आरशातून घे. जोडणीच्या फायलीत नवं काही काढू नकोस, नुसतं बोलावून बसव."

भाचा हसला. "हे तर इव्हान सदरलँडनं १९६३ मध्ये केलं, मामाजी. स्केचपॅड नावाचा प्रोग्राम. मूळ चित्र बदललं की सगळ्या नकला आपोआप बदलत."

"मग तू काहून नाही केलं?"

यावर तो एकदम कामाला लागला.

आरसा सगळीकडे चालत नाही, हे मात्र त्यानं मला शिकवलं. नेमप्लेट आरशात धरली तर मालकाचं नाव उलटं उमटतं. ब्लोअरच्या खोळीला हवा घ्यायचं तोंड एकाच अंगाला. डावी खोळ कितीही फिरवा, डाव्या चपलेसारखी डावीच राहते. उजवी आरशातून काढावी, पण तिला वेगळा नंबर द्यावा. नाहीतर वर्कशॉपवाला दोन्ही डाव्याच आणून देतो.

रात्री अकराला चार फायली उरल्या : मापं, अर्धं हॉपर, एकाच बाजूला बसणाऱ्या वस्तू आणि जोडणी. 'फायनल' शब्दाला घरात बंदी झाली. त्याच्या जागी तारीख आली. त्यानं एक आकडा बदलला आणि दोन्ही बाजू जुळ्या बहिणींसारख्या एकदम रुंदावल्या. ताईनं पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला.

हॉपर बसलं. दुसऱ्या मिलवाल्यानं तसंच, थोडं लहान मागितलं. भाच्यानं तीन आकडे बदलले. चहा निवायच्या आत काम तयार! मालक हुशार. म्हणाला, "अर्धंच काढतोस, तर पैसे बी अर्धेच घे."

भाच्यानं मुकाट्यानं अर्धी रक्कम लिहिली आणि बिलाला आरसा धरला.